पिकू की गप्पी? अंगणातल्या तळ्यासाठी मासा निवडताना

दिवाळीच्या सुमारास, पाऊस पुरता थांबल्यावर, गावाबाहेरच्या एखाद्या जुन्या तळ्यातलं पाणी काठावरून पळीने काढून पांढऱ्या वाडग्यात ओतलं, तर त्यात पाणकिडे दिसतात, शेवाळाचे तंतू दिसतात, एखादं गोगलगाईचं पिल्लू दिसतं. डासाची अळी मात्र शोधावी लागते. त्याच दिवशी शहरातल्या गच्चीवर कुंडीखालची ताटली जरा तिरकी केली, तर वाटीभर पाण्यात तीस-चाळीस अळ्या वळवळताना सापडतात. तळ्यात पाणी कितीतरी अधिक. काठाला गवत आहे, सावली आहे, कुजका पाला आहे. डासाच्या मादीला जे हवं ते सगळं तिथे हजर आहे. मग गर्दी ताटलीत का?

ताटलीत पाणी आहे, पण खाणारं कोणी नाही. डासाची सगळी चतुराई याच एका गोष्टीत आहे: शत्रू पोचण्याआधी पाणी गाठायचं आणि आठ-दहा दिवसांत अंड्यापासून पंखांपर्यंतचा प्रवास उरकून निघून जायचं. जुन्या तळ्यात ही शर्यत तो बहुतेक वेळा हरतो. अंगणात नवं तळं केलं, सिमेंटचा हौद बांधला, खड्ड्यात प्लास्टिकचा कागद अंथरून कमळ लावलं, तर सुरुवातीचे काही आठवडे ते तळं म्हणजे मोठ्या आकाराची ताटलीच असते. डास उडत येतो, म्हणून तो आधी पोचतो. चतुर, पाणढेकूण हेही उडत येतात, पण सावकाश. मासा उडत येत नाही. तो आपल्यालाच आणावा लागतो, आणि म्हणूनच कोणता आणायचा हा निर्णय पूर्णपणे आपला असतो.

या प्रश्नाचं तयार उत्तर आपल्याकडे भिंतीभिंतींवर रंगवलेलं आहे: गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने त्या घोषणेमागे विचार आहे आणि त्याचा मान ठेवायलाच हवा. पण अंगणातल्या तळ्यासाठी ते उत्तर योग्य नाही, आपल्याच ओढ्यातला छोटा मासा तिथे अधिक योग्य आहे, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे समजायला आधी डासाची अळी जगते कशी ते पाहायला हवं.

अळीची दुखरी नस

डासाची अळी पाण्यात राहते, पण माशासारखी पाण्यातली हवा घेऊन तिचं भागत नाही. तिला पुन्हा पुन्हा वर यावं लागतं. गटारीत वाढणारा क्युलेक्स आणि डेंग्यू पसरवणारा एडिस, या दोघांच्या अळ्यांना शेपटीकडे एक नळी असते. ती नळी पाण्याच्या पापुद्र्याला टेकवून अळी डोकं खाली करून लोंबकळते, दोरीवर कपडा टांगावा तशी. हिवताप पसरवणाऱ्या अ‍ॅनॉफेलिसच्या अळीला अशी नळी नसते. ती पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, छताला पाल चिकटावी तशी आडवी पडून श्वास घेते आणि तिथलेच बारीक कण खाते. चार वेळा कात टाकून झाली की अळीचा कोश होतो. कोश दिसतो हुबेहूब स्वल्पविरामासारखा. तो काहीच खात नाही, पण श्वास त्यालाही वरच घ्यावा लागतो. दीड-दोन दिवसांत त्याची पाठ उकलते आणि डास बाहेर पडतो.

म्हणजे डासाच्या पाण्यातल्या आयुष्यातली अटळ जागा एकच: पाण्याच्या वरची बोटभर पट्टी. खाली बुडी मारून तो तात्पुरता लपेल, काडीकचऱ्याआड दडेल, पण वर यायचं चुकत नाही. त्याला पकडायचं तर पहारा त्या पट्टीवर हवा. तळाशी चरणारा मासा कितीही खादाड असला तरी इथे उपयोगाचा नाही. जमीन कितीही झाडली तरी छताची जळमटं निघत नाहीत, तसंच आहे हे. शोभेच्या हौदात लाल-सोनेरी गोल्डफिश सोडूनही डास होत राहतात आणि लोक चकित होतात. गोल्डफिश अळी समोर आली तर खातो, पण त्याचा बराचसा वेळ गाळ ढवळण्यात आणि पाणवनस्पती कुरतडण्यात जातो. शिवाय त्याच्या रुंद अंगाला काठाच्या बोटभर पाण्यात शिरता येत नाही, आणि अळ्या बहुतेक तिथेच असतात.

तोंड कुठे उघडतं?

म्हणून मासा निवडताना रंगाआधी, आकाराआधी पाहायचं ते तोंड. माशाचं तोंड त्याच्या जेवणाची जागा सांगतं. तळावर खाणाऱ्याचं तोंड खाली वळलेलं असतं, मधल्या पाण्यात खाणाऱ्याचं सरळ पुढे, आणि पृष्ठभागावर खाणाऱ्याचं वरच्या दिशेने उघडतं. या शेवटच्या गटातला, कोकणापासून केरळपर्यंतच्या ओहोळांत, पाटांत, विहिरींत, भातखाचरांच्या चरांत आढळणारा मासा म्हणजे पिकू. शास्त्रीय नाव अ‍ॅप्लोकायलस लिनिएटस. त्याचाच आणखी छोटा भाऊ अ‍ॅप्लोकायलस ब्लॉकी पश्चिम किनाऱ्यालगतच्या सखल पाण्यात मिळतो. पहिला बोटभर वाढतो, दुसरा जेमतेम दोन पेरांएवढा.

पिकूला वरून पाहिलं की पहिल्यांदा डोळ्यात भरतो तो त्याच्या डोक्यावरचा चंदेरी ठिपका. गढूळ पाण्यातही तो टिकलीसारखा चमकतो, इतका की बाकी मासा दिसत नाही आणि ठिपकाच तरंगतोय असं वाटतं. पाठ आणि डोकं एका रेषेत सपाट, रंधा मारल्यासारखं. त्या सपाट डोक्यामुळे तो पाण्याच्या पापुद्र्याला अगदी खेटून उभा राहू शकतो. पाठीवरचा पर शेपटीजवळ मागे सरकलेला, त्यामुळे उभ्या जागेवरून बाणासारखी झेप घेता येते. कमळाच्या पानाच्या कडेखाली तो न हलता थांबतो. हलतात ते फक्त कल्ल्यांजवळचे पारदर्शक पर. चार बोटांवर एखादी अळी नळी टेकवायला वर येते. मासा आधी अंग किंचित वळवतो, नेम धरल्यासारखा, आणि मग एकच झटका. पाण्यावर लहानसं वर्तुळ उमटतं, अळी दिसेनाशी होते, आणि ठिपका पुन्हा पानाच्या कडेखाली. पाण्यावर पडलेली मुंगी, चिलट, तुडतुडा हेही त्याच पद्धतीने टिपले जातात. डासाची अळी हा पिकूच्या शिकारीतला एक पदार्थ आहे, एकमेव नाही. ही गोष्ट आपल्या फायद्याची आहे: अळ्या संपल्या तरी मासा उपाशी मरत नाही, पहाऱ्यावर राहतो.

दिवसाला शंभर अळ्या?

मासे विकणारा किंवा वाटणारा पहिल्यांदा आकडा सांगतो. आपल्याकडच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्येही गप्पीसाठी दिवसाला ८० ते १०० अळ्या आणि गंबुसिया या दुसऱ्या परक्या माशासाठी १०० ते ३०० असे आकडे दिलेले असतात. साहजिकच वाटतं की ज्याचा आकडा मोठा तो मासा सरस. पण असे आकडे बहुधा काचेच्या भांड्यातले असतात. मासा उपाशी, पाणी स्वच्छ, लपायला जागा नाही आणि समोर अळ्यांखेरीज दुसरं काही नाही. दिवसभराच्या उपाशी माणसापुढे फक्त भाकऱ्या ठेवल्या तर तो किती खाईल, हे त्यावरून कळतं. लग्नाच्या पंगतीत तोच माणूस किती भाकऱ्या खाईल, हे त्यावरून कळत नाही.

खऱ्या तळ्यात एवढ्या भुकेची गरज तरी आहे का, ते हिशोब मांडून पाहू. समजा तळं दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहे, म्हणजे पृष्ठभाग तीन चौरस मीटर. दर चौरस मीटरला पाच मासे, या प्रमाणात पंधरा मासे सोडले. क्युलेक्सची मादी एका वेळी साधारण दोनशे अंडी घालते, एकमेकांना चिकटवून केलेल्या छोट्या तराफ्यासारखी. समजा दर रात्री तीन माद्या येऊन अंडी घालून गेल्या. रोज सहाशे अळ्या जन्मतील, म्हणजे एका माशाच्या वाट्याला चाळीस. ही संख्या फार मोठी नाही. त्यातही अळीला पंख फुटेपर्यंत आठवडाभर रोज शेकडो वेळा वर यावं लागतं, म्हणजे माशाला एकाच अळीवर पुन्हा पुन्हा संधी मिळते. अडचण माशाच्या पोटाची नसते. अडचण असते ती दाट शेवाळाच्या गादीवर, दोन दगडांच्या फटीत, पानाच्या वाटीत साचलेल्या पाण्यात, म्हणजे जिथे मासा पोचतच नाही तिथे वाढणाऱ्या अळ्यांची. तीनशे अळ्या खाणाऱ्यापेक्षा बोटभर पाण्यात, गवताच्या काड्यांमधून शिरणारा, सडपातळ मासा अधिक कामाचा. आकड्यापेक्षा ठेवण महत्त्वाची ती अशी.

पाहुणे कसे आले?

मुंबईतला हिवताप शहरातल्या विहिरी आणि टाक्यांतल्या डासांमुळे फैलावतो, हे १९११ च्या डॉ. बेंटली यांच्या अहवालाने स्पष्ट केलं. लगेच पुढच्या वर्षी, १९१२ मध्ये, कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधून सेवेल आणि चौधुरी यांची एक पुस्तिका निघाली. तिचा विषयच होता डासांचा नाश करण्यात उपयोगी ठरलेले भारतीय मासे. पिकूचे सख्खे नातलग तिच्यात होते. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या देशातल्या माशांची अशी पारख झालेली होती. तरी पुढच्या काळात देशभर पसरले ते परके मासे, गप्पी आणि गंबुसिया.

गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि त्रिनिदाद बेटावरचा. त्रिनिदादहून ब्रिटिश म्युझियमला त्याचे नमुने पाठवणाऱ्या गप्पी नावाच्या गृहस्थांवरून त्याला हे नाव मिळालं; गप्पांशी त्याचा काही संबंध नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो भारतात आला. गंबुसिया मूळचा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागातला आणि मेक्सिकोतला. तो १९२८ साली इटलीमार्गे आपल्याकडे आणला गेला. दोघे निवडले गेले ते सोयीमुळे. दोघेही अंडी घालत नाहीत, थेट पोहणारी पिल्लं देतात. गप्पीची मादी तीन-चार आठवड्यांनी विते, नराकडून मिळालेल्या शुक्रपेशी महिनोनमहिने साठवून ठेवते, त्यामुळे एक मादीसुद्धा नवी वसाहत उभी करू शकते. गढूळ, कमी प्राणवायूच्या, सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातही तो तग धरतो. बादलीभर मासे न्यावेत, विहिरीत ओतावेत आणि वर्षभर विसरून जावं, असा मासा आरोग्य कर्मचाऱ्याला हवा होता. हजारो गावांचं काम अंगावर असलेल्या यंत्रणेने असा विचार करणं समजण्यासारखं आहे. शहरातल्या काळ्या गटारीत पिकू टिकणार नाही, गप्पी टिकेल, हेही खरं.

पण जो गुण पाहून हे मासे आणले, त्याच गुणाने पुढे घात केला. वाटेल तिथे जगणारा आणि एका मादीपासून वाढणारा मासा, नको तिथेही जगतो आणि वाढतो. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींची यादी निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तज्ज्ञगटाने केली आहे. तिच्यात गंबुसिया आहे. तो इतर माशांची अंडी आणि पिल्लं खातो, मोठ्यांचे पर कुरतडतो. ऑस्ट्रेलियात लाल परांचा एक चिमुकला मासा जगात केवळ काही झऱ्यांमध्ये उरला आहे, आणि त्याच्या ऱ्हासामागचं एक मोठं कारण तिथे शिरलेला गंबुसिया हे आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या एका स्थानिक माशाचीही हीच कहाणी आहे.

आणखी एक गोष्ट अंगणात तळं करणाऱ्याने मुद्दाम लक्षात घ्यावी. १९७२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात कॅलिफोर्नियातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही हौदांत गंबुसिया सोडले, काही तसेच ठेवले. गंबुसियाच्या हौदांत पाण्यातले सूक्ष्म कवचधारी जीव जवळपास नाहीसे झाले. हे जीव हिरवं सूक्ष्म शेवाळ खाऊन पाणी नितळ ठेवतात. तेच संपल्यावर शेवाळ बेसुमार वाढलं आणि पाणी हिरवंगार झालं. नव्या तळ्याचं पाणी हिरवं का होतं, म्हणून औषधं ओतत बसणाऱ्यांनी आपण पाण्यात कोणते मासे सोडले आहेत आणि किती, हे आधी तपासावं.

चार भिंतींतलं तळं म्हणजे नदी नव्हे, मग भीती कसली?

हा आक्षेप रास्त आहे. सगळ्या बाजूंनी बंद, नदीपासून कोसभर लांब असलेल्या हौदात गप्पी सोडला तर बिघडलं काय? हौद खरोखर बंद असेल, तर फारसं नाही. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे चार महिने अंगणातलं कुठलंही तळं खऱ्या अर्थाने बंद नसतं. एका रात्रीत सहा-सात इंच पाऊस कोकणात नवलाचा नाही. तळं काठोकाठ भरतं, पाणी अंगणातून पन्हळीत, पन्हळीतून रस्त्याकडेच्या चरात, चरातून ओढ्यात जातं. पोहणाऱ्या सुताएवढ्या पिल्लांना तेवढी वाट पुरते. दुसरी वाट माणसांची आहे. गप्पी महिन्या-महिन्याला वाढतो, तळं गजबजून जातं, मारवत तर नाही, मग बरणीत भरून जवळच्या ओढ्यात 'सोडून दिले' जातात. मनात दया असते, पण ओढ्यातल्या माशांसाठी ती दया नसते. पश्चिम घाटातल्या ओढ्यांत जगात इतरत्र कुठेही न आढळणाऱ्या माशांच्या कितीतरी जाती आहेत. प्रदूषण, बंधारे आणि वाळूउपसा यांनी त्या आधीच जेरीस आल्या आहेत. त्यात आणखी एका परक्या तोंडाची भर घालण्याचं कारण एका कमळाच्या तळ्याइतकं लहान असू नये.

दुसरा आक्षेप मिळण्या-न-मिळण्याचा. गप्पी कुठेही मिळतो, पिकू शोधावा लागतो आणि त्याची वाढही हळू. तो अंडी घालतो, पाणवनस्पतींच्या मुळांना आणि पानांना एकेक करून, बारीक धाग्याने चिकटवून. ती फुटायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि मोठे मासे भूक लागली की आपलीच पिल्लं खातात. हे सगळं खरं आहे. पण घरच्या तळ्यात वाढ हळू असणं हा दोष का मानायचा? तीन चौरस मीटरला पंधरा-वीस मासे पुरतात, दोनशे नकोत. थोडी हायड्रिला किंवा तरंगत्या वनस्पतींच्या मुळांचा झुबका ठेवला, तर काही पिल्लं वाचतात आणि म्हाताऱ्या माशांची जागा भरून निघते. तळं आपला समतोल आपणच राखतं.

> चौकट: मासा पारखताना
> तोंड वर उघडतं का, हे बाजूने पाहा. अंग सडपातळ हवं, म्हणजे काठाच्या उथळ पाण्यात शिरता येतं. पूर्ण वाढलेला मासा बोटापेक्षा मोठा होत असेल तर लहान तळ्यासाठी तो घेऊ नका. मरळ आणि चिलापी यांची पिल्लं गोजिरवाणी दिसतात, पण ती वाढली की तळ्यातलं बाकी सगळं संपवतात. मासा आपल्याच खोऱ्यातला आहे ना, हे विचारा. विकणाऱ्याला ते सांगता येत नसेल, तर तो मासा बहुधा बाहेरचा आहे.

'स्थानिक' म्हणजे कुठला?

इथे एक गल्लत सर्रास होते. स्थानिक म्हणजे भारतीय, असं धरून चाललं जातं. माशाला देशाची सीमा कळत नाही. त्याला कळतं ते नदीचं खोरं. पूर्व भारतातल्या तळ्यांत राहणारा पिकूचा भाऊबंद अ‍ॅप्लोकायलस पँचॅक्स बंगालात स्थानिक, पण रत्नागिरीत पाहुणाच. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस एका उतारावरून अरबी समुद्राला जातो, दुसऱ्या उतारावरून कृष्णा-गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. दोन उतारांवरचे मासे सगळे एकसारखे नाहीत. म्हणून साधा नियम असा ठेवावा: आपल्या तळ्याचं सांडलेलं पाणी शेवटी ज्या ओढ्यात जातं, त्याच ओढ्याच्या किंवा नदीच्या परिसरातला मासा आणायचा. मग पावसाळ्यात चार पिल्लं वाहून गेली, तरी ती आपल्या भाऊबंदांत जातील.

या नियमाने निवड एकट्या पिकूपुरती राहत नाही. देशावर दांडवण म्हणून ओळखला जाणारा, अंगावर काळी आडवी रेघ असलेला छोटा मासा पुष्कळ ठिकाणी मिळतो. तो थव्याने फिरतो, मधल्या आणि वरच्या पाण्यात खातो, मात्र त्याला मोकळं पाणी लागतं. चार फुटांच्या हौदात तो कोंडल्यासारखा होतो. दोन्ही किनाऱ्यांलगतच्या भातखाचरांत आणि चरांत स्यूडोस्फ्रोमेनस क्युपानस नावाचा टोकदार शेपटीचा एक मासा आहे. त्याच्या डोक्यात हवेतून श्वास घ्यायचा वेगळा अवयव असतो, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी साचून कोमट झालं तरी तो टिकतो. खवलीसारखे छोटे मासे अळ्या खातात, पण मुख्य पहारेकरी म्हणून नाही. वरच्या मजल्यावर पिकू आणि खालच्या मजल्यावर तीन-चार खवल्या, अशी जोडी चांगली जमते.

मिळवायचे कसे? भातखाचरात आणि ओढ्यात आसूने किंवा छोट्या जाळीने मासे धरणारी माणसं प्रत्येक गावात असतात. त्यांना चंदेरी टिकलीचा मासा म्हटलं की ओळख पटते. दहा-बारा पुरेत, ओढा उपसायचा नाही. अभयारण्यातून मासे काढणं गुन्हा आहे, तिकडे जाऊच नये. शोभेच्या माशांच्या दुकानातून घ्यायचे, तर त्यांचा मूळ गाव विचारावा, आणि दोन आठवडे वेगळ्या टपात ठेवून रोग नाही याची खात्री करावी.

गोव्यातला पुरावा, आणि त्याची मर्यादा

स्थानिक मासे प्रत्यक्षात चालतात का? गोव्यात १९९० च्या दशकात हिवताप संशोधकांनी याची तपासणी केली. तिथे झपाट्याने वाढणाऱ्या बांधकामांवर, पाणी साठवण्याच्या टाक्यांत आणि हौदांत शहरी हिवताप पसरवणारा अ‍ॅनॉफेलिस स्टिफेन्सी वाढत होता. संशोधकांनी काही ठिकाणी अळ्या मारणारा बीटीआय हा जिवाणू वापरला आणि काही ठिकाणी ब्लॉकी, म्हणजे पिकूचा तोच दोन पेरांएवढा भाऊ, सोडला. दोन्ही मिळून डासांची पैदास घटली आणि हिवतापाचे रुग्णही कमी झाले. परका मासा न आणता गोव्याच्या पाण्यातलाच मासा गोव्याच्या कामी आला.

पण पुरावा त्याच्या मापानेच घ्यायला हवा. मासे सोडल्याने हिवताप कमी होतो का, यावर जगभरातल्या अभ्यासांचा कोक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये आढावा घेतला. मासे अळ्या कमी करतात, निदान काही प्रकारच्या पाण्यात, असं त्यात दिसलं. मासे सोडल्याने माणसांमधला आजार कमी होतो, असं म्हणायला भरवशाचा पुरावा मिळाला नाही. या दोन वाक्यांत विरोध नाही. मासा त्याच्या तळ्यातल्या अळ्या खातो. शेजारच्या पत्र्यावरच्या टायरमधल्या अळ्या त्याच्या आवाक्यात नाहीत. डेंग्यूचा एडिस तर तळ्याकडे फारसा फिरकतही नाही. त्याला ड्रम, टायर, नारळाची करवंटी, फ्रिजमागची ट्रे अशी छोटी भांडी लागतात, आणि त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोनमहिने जिवंत राहतात. म्हणून तळ्यात मासे सोडले तरी अशी भांडी रिकामी करण्याचा आठवड्यातला कोरडा दिवस चुकवायचा नाही. तळ्यामुळे डास वाढू नयेत, एवढंच काम माशाकडे सोपवायचं, आणि तेवढं काम तो चोख करतो.

बेडकांचं काय?

तिसरा आक्षेप निसर्गप्रेमींचा, आणि मला तो सगळ्यांत वजनदार वाटतो. पिकू झाला तरी मासाच. तोंडात मावेल ते तो खातो. बेडकाची अंडी, नुकतीच फुटलेली बेडूकपिल्लं, चतुराची लहान पिल्लं यांना तो सोडणार नाही. चतुराची पिल्लं स्वतःच डासांच्या अळ्यांची मोठी शिकारी असतात. जिथे मासे नाहीत, अशा जुन्या डबक्यातही डास फार माजत नाहीत, ते यांच्यामुळे. म्हणून प्रत्येक पाण्यात मासा सोडायचाच, हा हट्ट चुकीचा आहे. पावसाळ्यात भरणारी आणि हिवाळ्यात आटणारी नैसर्गिक डबकी बेडकांसाठी मोकळी ठेवावीत. तिथे कोणताही मासा, स्थानिक असला तरी, सोडू नये. अंगणातलं बांधीव, बारमाही तळं ही वेगळी गोष्ट आहे. तिथे माशाची सोबत लागते, कारण ते माणसांच्या झोपायच्या खोलीपासून दहा पावलांवर असतं. आणि तळ्याच्या एका कोपऱ्यात बारीक दगडांचा बांध घालून माशांना न शिरता येणारी उथळ, झुडपाळ जागा केली, तर बेडकांनाही काही वाव राहतो. मात्र त्या कोपऱ्यावर आठवड्याला नजर हवी.

मासा सोडताना, आणि त्यानंतर

तळं मध्यभागी निदान दीड फूट खोल आणि निम्मं तरी सावलीत हवं, नाहीतर एप्रिल-मेमध्ये दुपारचं पाणी माशांना सोसत नाही. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडून जाऊ द्यावं. मासे आणलेली पिशवी वीस मिनिटं तळ्यात तरंगत ठेवून, थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घालून, मग सोडावेत. पिकू उंच उडी मारतो. पाण्याची पातळी काठापासून चार-पाच बोटं खाली ठेवावी. सांडलेलं पाणी बाहेर जाण्याच्या तोंडाला बारीक जाळी हवीच. खायला काही घालू नये, किंवा घातलं तर अगदी चिमूटभर. चुरमुरे आणि कणकेच्या गोळ्यांनी पोट भरलेला मासा अळ्यांकडे पाहत नाही, आणि न खाल्लेलं अन्न कुजून पाणी बिघडतं ते वेगळंच.

मासे काम करताहेत की नाही, हे ओळखायला डास मोजावे लागत नाहीत. दर आठवड्याला काठावरच्या चार-पाच जागांवरून पळीभर पाणी पांढऱ्या वाडग्यात घ्यायचं आणि उन्हात धरून पाहायचं. केसाएवढ्या, जेमतेम दिसणाऱ्या अळ्या सापडल्या तर काळजी नाही. त्या कालच्या-परवाच्या रात्रीच्या आहेत आणि पहारा अजून त्यांच्यापर्यंत पोचायचा आहे. जाड, अर्ध्या नखाएवढ्या अळ्या किंवा स्वल्पविरामासारखे कोश दिसले, तर समजायचं की कुणीतरी आठवडाभर माशांच्या नजरेतून सुटलं आहे. अशा वेळी आणखी मासे आणायची घाई करू नये. ज्या जागेवरून ती पळी भरली तिथे वाकून पाहावं: शेवाळ इतकं दाट झालं आहे का की मासा आत शिरत नाही, कमळाची जुनी पानं एकावर एक बसून मध्ये पाणी साचलं आहे का, मोटारीच्या पेटीत किंवा काठाच्या दगडामागे वेगळं डबकं झालं आहे का. मूठभर शेवाळ उपसून बाहेर काढलं, दोन पानं कापली की पुढच्या आठवड्याच्या वाडग्यात तिथेही फक्त केसाएवढ्या अळ्या दिसायला लागतात.